श्रवणयंत्रे वाटलीत, आता तालुक्याला सेवाकक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, असा आपल्या राज्यात नियम आहे. अनेक ठिकाणी ही रक्कम वर्षभर पडून असते आणि फेब्रुवारी उजाडला की ती खर्ची घालण्याची धांदल उडते. मग शिबिरे लागतात आणि कर्णबधिरांना श्रवणयंत्रे वाटली जातात. यंत्र देण्याला आमचा विरोध नाही, ती गरजच आहे. पण चष्मा नाकावर ठेवला की दिसू लागते, तसे कानाच्या यंत्राचे होत नाही. यंत्राला मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा लागतो, सेल लागतो, नळी बदलावी लागते, आवाज कमी-जास्त करून घ्यावा लागतो. यातले काहीही तालुक्याच्या गावी मिळत नाही. म्हणून आमची मागणी एकच आहे : प्रत्येक तालुक्यात महिन्यातून ठरलेल्या दिवशी चालणारा श्रवणसेवा कक्ष सुरू करा आणि त्याचा खर्च या ५ टक्क्यांतून भागवा.

यंत्र का पडून राहते, ते आधी सांगतो. कानामागे लावायच्या यंत्रातला आवाज एका बारीक नळीतून कानात जातो आणि नळीच्या टोकाला त्याच माणसाच्या, त्याच कानाच्या मापाचा मोल्ड असावा लागतो. माप घ्यायचे तर आधी ऑटोस्कोपने कान पाहायचा. मळ दाटला असेल तर तो काढल्याशिवाय माप घेता येत नाही. मग कानाच्या मार्गातील दुसऱ्या वळणापलीकडे दोरा बांधलेला स्पंजचा लहान बोळा बसवायचा, म्हणजे मापाचा माल पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर सिलिकॉनचे दोन भाग एकत्र मळून पिचकारीने कानात भरायचे आणि साधारण पाच मिनिटे थांबायचे. निघालेले माप मोल्ड बनवणाऱ्याकडे जाते. तयार मोल्ड आला की कानात बसवून पाहायचा, टोचत असेल तिथे घासायचा, नळी योग्य लांबीवर कापायची. म्हणजे कमीत कमी दोन भेटी आणि मध्ये आठ-पंधरा दिवस.

शिबिर असते एका दिवसाचे. त्यामुळे मोल्डऐवजी यंत्रासोबत आलेली तयार रबरी टोपी लावून माणसाला घरी पाठवतात. थोडे कमी ऐकू येणाऱ्याला ती चालून जाते. ७० डेसिबलच्या पुढे दोष असलेल्याला ती मुळीच पुरत नाही. यंत्राला आवाज खूप वाढवावा लागतो, वाढवलेला आवाज टोपीच्या फटीतून बाहेर पडून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. घरचे वैतागून आवाज कमी करतात. शिट्टी थांबते, पण ऐकूही येईनासे होते. ‘मशीन चांगले नाही’ असा शिक्का बसतो आणि ते ट्रंकेत जाते. दोष यंत्राचा नसतोच. लहान मुलांचे तर याहून अवघड, कारण त्यांचा कान वाढत असतो. वर्षाच्या आतल्या बाळाचा मोल्ड दोन-तीन महिन्यांत सैल होतो आणि पुढेही काही वर्षे तो साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. वर्षातून एकदा होणाऱ्या शिबिराला हे कसे जमणार?

दुसरी अडचण सेलची. कानामागच्या बहुतेक यंत्रांना जस्त-हवा प्रकारचे बटणसेल लागतात : १३ क्रमांकाचा, नारिंगी स्टिकरचा, किंवा जास्त ताकदीच्या यंत्रांसाठी ६७५ क्रमांकाचा, निळ्या स्टिकरचा. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल चालू होतो. तो मिनिटभर उघडा ठेवून मगच यंत्रात घालावा. स्टिकर पुन्हा चिकटवून सेल राखून ठेवता येत नाही, एकदा निघाला की वापरा अगर न वापरा, तो संपतच जातो. ‘नवा सेल घातला तरी यंत्र बंद’ या तक्रारीमागे पुष्कळदा दुकानातला मुदत उलटलेला माल असतो. कधी घरी सगळ्या सेलचे स्टिकर एकदम काढून ठेवलेले असतात. दिवसभर यंत्र लावणाऱ्याचा १३ क्रमांकाचा सेल एक ते दोन आठवडे जातो. सरासरी दहा दिवस धरले तरी एका यंत्राला वर्षाला ३७ सेल लागतात. दोन्ही कानांना यंत्र असेल तर ७४, म्हणजे सहाच्या पाकिटाची बारा-तेरा पाकिटे. शिबिरात हातावर ठेवलेली पाकिटे संपली की खेड्यातल्या माणसाने ही आणायची कुठून? किराणा दुकानात ती नसतात आणि शहराची एसटी धरून जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

याच कारणासाठी खिशातल्या वायरच्या यंत्राची आजकाल जी टर उडवली जाते ती आम्हाला पटत नाही. त्याची वायर तुटते, कपड्याची खसखस ऐकू येते, दिसायलाही ते ओबडधोबड, हे सगळे खरे. पण त्याला साधा पेन्सिल सेल चालतो, तो गावात मिळतो. बोटे थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे मोठे बटण फिरवता येते. काही जणांसाठी तेच योग्य. कोणाला कुठले द्यायचे हे निविदेने ठरवू नये, तपासणाऱ्याने ठरवावे.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर यंत्रे भराभर बिघडतात, ती ओलाव्याने. नळीत पाण्याचा थेंब अडकला की आवाज बंद. त्यासाठी हवेचा लहान रबरी फुगा लागतो. मोल्ड यंत्रापासून सोडवून नळीत हवा मारायची, यंत्रात नव्हे. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. सेल मात्र डबीत ठेवू नये, तो सुकून लवकर संपतो. यंत्र चुलीच्या उबेला किंवा उन्हात वाळवण्याची पद्धत सर्रास आहे. तिने प्लास्टिक वाकते आणि आतला भाग जातो. नळी पिवळी पडून कडक झाली की बदलायची, साधारण चार ते सहा महिन्यांनी. हे काम पाच मिनिटांचे, पण त्यासाठीही आज लोकांना जिल्ह्याला जावे लागते.

यंत्र बंद पडले तर दुरुस्तीला पाठवण्याआधी घरीच काही गोष्टी पाहता येतात. यंत्राला ‘ओ-टी-एम’ असा खटका असेल तर तो ‘एम’वर आहे ना ते बघा. ‘टी’वर सरकला असेल तर बोलणे ऐकू येत नाही, विजेच्या तारांजवळ नुसता घूंऽऽ आवाज येतो. मग सेल उलटा तर बसला नाही ना, मोल्डच्या भोकात मळ तर नाही ना, हे पाहा. शिट्टी येत असेल तर मोल्ड आणि नळी सोडवा आणि यंत्राच्या आकड्याच्या (नळी जोडायच्या वाकड्या भागाच्या) टोकावर बोट घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर दोष मोल्डचा किंवा नळीचा, थांबली नाही तर आकडा सैल किंवा यंत्रातच बिघाड. आमच्या मते ही तपासणी आशा कार्यकर्तीला अर्ध्या दिवसात शिकवता येते. पण ती शिकवायला कोणीतरी तालुक्यात यायला हवे.

कान वाहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि शिबिरात तो हमखास सुटून जातो. वाहता कान मोल्डने बंद केला की आत ओल कोंडते आणि कान आणखी वाहतो. अशा माणसाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे, कान कोरडा झाल्यावर हवेचे छिद्र ठेवलेला मोल्ड द्यायचा आणि कान कोरडा होतच नसेल तर हाडामार्फत ऐकवणाऱ्या यंत्राचा विचार करायचा. कानात तेल, लसणाचा रस वगैरे घालणे थांबवायचे, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगावेच लागते.

शाळेत यंत्र लावून येणाऱ्या मुलाचे यंत्र चालू आहे की नाही, हे वर्गशिक्षकाला रोज सकाळी दोन मिनिटांत कळू शकते. मुलाच्या पाठीमागे, मीटरभर अंतरावर उभे राहून नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी म्हणायचे : म, ऊ, आ, ई, श, स. क्रम रोज बदलायचा. ऐकू आले की मुलाने हात वर करायचा, मोठ्या मुलाने ध्वनी उच्चारून दाखवायचा. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीतले, ‘श’ आणि ‘स’ वरच्या पट्टीतले. काल ‘श’ ऐकणारे मूल आज ऐकत नसेल तर सेल उतरला असेल, नळीत पाणी असेल किंवा कानाला सर्दी असेल. समोर उभे राहून ही तपासणी केली तर मूल ओठ वाचते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र) झालेल्या मुलांनाही हीच तपासणी लागू आहे. त्यांच्याबाबत एक जादा काळजी : बाहेरच्या भागाची केबल आणि कॉइल हे झिजणारे सुटे भाग आहेत. शस्त्रक्रियेसाठी सरकारी मदत मिळते, पण काही वर्षांनी हे भाग बदलायची वेळ येते तेव्हा घरचे हबकतात. लाखो रुपयांचे इम्प्लांट एका केबलपायी बंद पडलेले असते आणि मुलाची भाषा शिकण्याची मोलाची वर्षे हातची जातात.

बाळाच्या तपासणीचा मुद्दा थोडक्यात मांडतो. जगभर मान्य झालेला हिशेब असा : एक महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत यंत्र आणि शिकवणी सुरू. ओएई ही चाळणी तपासणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. पहिल्या दिवशी कानात ओल आणि चिकटा असल्याने धडधाकट बाळही ‘नापास’ होऊ शकते, म्हणून ती शक्यतो २४ तासांनंतर करावी. नापास बाळाला घाबरून न जाता दोन आठवड्यांत पुन्हा आणायचे. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही, बेराच (आवाज नसेतून नीट पुढे जातो का ते पाहणारी तपासणी) लागते, कारण कान आवाज पकडतो पण नस तो नीट पोहोचवत नाही असा दोष ओएईत दिसत नाही. मात्र बाळ पुन्हा न येण्याचे आपल्याकडचे मोठे कारण वैद्यकीय नाहीच. बाळंतपण माहेरी होते, कागदावर नंबर माहेरच्या भावाचा किंवा वडिलांचा असतो आणि सव्वा महिन्यानंतर कधीतरी बाळ-बाळंतीण सासरी जातात, बहुधा दुसऱ्याच तालुक्यात. पाठपुरावा तिथेच तुटतो. उपाय साधा आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर दोन्ही घरांचे नंबर आणि सासरच्या गावाच्या आशाताईंचा नंबर लिहायचा आणि ‘नापास’ शेरा मारलेल्या बाळाची माहिती थेट त्या तालुक्याच्या कक्षाला कळवायची.

आता ज्येष्ठांविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे बोलण्याच्या वारंवारतेत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर ऐकू कमी येणारा आणि ७० किंवा अधिक असेल तर कर्णबधिर अशी व्याख्या आहे. पंचावन्न डेसिबलचे आजोबा या चौकटीत बसत नाहीत, पण त्यांना देवळातले कीर्तन कळत नाही आणि मागून येणारी दुचाकीही ऐकू येत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात ३,००० रुपये जमा होतात, त्यातून काही जण बाजारातले किंवा ऑनलाइन मिळणारे तयार ‘आवाज वाढवणारे’ यंत्र घेतात. ते सगळेच आवाज सारखे वाढवते, भांड्यांचा खणखणाटही. तपासणी न करता असे यंत्र घेऊ नये. तपासणाऱ्याच्या अहवालावर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीचा सीआरआर क्रमांक आहे का, ते पाहावे. आणि सेवाकक्षाने दारात कोणाकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) मागू नये. मोफत सेल-मोल्डसाठी कार्ड मागा, पण नळी बदलायला किंवा सल्ल्याला कसले कार्ड?

इथवर यंत्राचे झाले. पण ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाही, अशी बरीच कर्णबधिर माणसे आहेत आणि त्यांच्यासाठी सेवा म्हणजे दुभाषी. ‘लिहून दाखवा ना’ हे उत्तर अपुरे आहे. ज्याला लहानपणी कोणतीच भाषा नीट मिळाली नाही, किंवा ज्याची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्याला शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रातले मराठी कळेलच असे नाही. सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश तयार केला. तो उपयोगी आहे, पण कोश पाहून कोणी दुभाषी होत नाही. त्यासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम असतो.

घरच्याच माणसाला दुभाषी करण्याचा प्रघात सर्वांत घातक आहे. दवाखान्यात सासू सुनेच्या वतीने बोलते, पोलीस ठाण्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच भाऊ खुणा करून ‘काही नाही झाले’ सांगतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ नुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचे चित्रीकरण करायचे, असे बंधन न्यायालयावर आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत दिव्यांग महिलेची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाष्यासमक्ष आणि चित्रीकरणासह नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. कायदा पुरेसा आहे. रात्री दहा वाजता ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली दुभाष्याचा नंबर नसतो, इतकेच.

यात आणखी एक पेच आहे, जो शहरातून आलेल्या दुभाष्यालाही पहिल्या भेटीत चकवतो. खेड्यात वाढलेल्या, शाळेत न गेलेल्या अनेक कर्णबधिरांना सांकेतिक भाषाच येत नाही. त्यांच्या घरगुती खुणा असतात, त्या फक्त घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कळतात. अशा वेळी दोन माणसे लागतात : एक ऐकू येणारा दुभाषी आणि एक कर्णबधिर मध्यस्थ. हा मध्यस्थ हावभाव, चित्रे, कॅलेंडर, प्रत्यक्ष वस्तू वापरून त्या माणसाचे म्हणणे काढून घेतो आणि सांकेतिक भाषेत दुभाष्याला देतो. वेळ तिप्पट लागतो आणि तो द्यावाच लागतो. तालुक्यातल्या शिकलेल्या कर्णबधिर तरुणांना हे मानधनाचे काम मिळू शकते, आणि ऐकणाऱ्यांपेक्षा ते हे काम नक्कीच चांगले करतात.

दुभाषी आला की अधिकारी त्याच्याकडे बघून ‘याला विचारा’ म्हणतात. बोलायचे ते कर्णबधिर व्यक्तीकडे पाहून. दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी उभा हवा, त्याच्या मागे खिडकी नको, नाहीतर हात काळे दिसतात. अर्ध्या तासाहून लांब काम असेल तर दोन दुभाषी आळीपाळीने लागतात, थकलेला दुभाषी चुका करतो. व्हिडिओ कॉलवरून दुभाषी जोडणे हा चांगला पर्याय आहे, पण फोन स्टँडवर हवा, कंबरेपासून डोक्यापर्यंत दिसायला हवे आणि नेटवर्क तपासून ठेवायला हवे. ग्रामीण रुग्णालयात सिग्नल बहुधा व्हरांड्यात मिळतो आणि तपासणी आतल्या खोलीत असते. तेव्हा वायफायची एक जोडणी त्या खोलीत द्यावी.

सेवाकक्षाला फार काही लागत नाही. जागा ग्रामीण रुग्णालयातली एक शांत खोली. शौचालय जवळ, जनरेटर लांब. दिवस आठवडी बाजाराचा, महिन्यातला ठरलेला, कारण त्या दिवशी लोक तसेही येतात. माणसे चार : श्रवणतज्ज्ञ, मोल्डचे माप घेणारा तंत्रज्ञ, विशेष शिक्षक आणि दुपारी दुभाषी. सामान म्हणजे ऑटोस्कोप, मापाचे सिलिकॉन आणि पिचकारी, नळ्यांचे बंडल, हवेचे फुगे, सेल तपासणी यंत्र, यंत्र ऐकून पाहायचा स्टेथोस्कोप, डिजिटल यंत्रांचे प्रोग्रॅमिंग करायला लॅपटॉप आणि केबल, आणि सेलचा ताजा साठा. शंभर यंत्रांसाठी वर्षाला सुमारे ३,७०० सेल आणि दोनशे ते तीनशे नळ्या धराव्यात. सगळे सेल एकदम घेऊ नयेत, तिमाही घ्यावेत, म्हणजे मुदत उलटत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा परिषदेने तिच्याशी करार करावा.

पैशाबाबत : एकट्या ग्रामपंचायतीचे ५ टक्के म्हणजे बऱ्याच ठिकाणी किरकोळ रक्कम, तिच्यात कक्ष चालत नाही. पण हा निधी वैयक्तिक लाभासोबत सामूहिक सोयींवरही खर्च करता येतो. तेव्हा खोली, उपकरणे आणि मानधन पंचायत समिती व नगरपंचायतीने उचलावे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या नोंद झालेल्या माणसांचे सेल आणि मोल्ड एवढाच भार घ्यावा. ग्रामसभेच्या ठरावात ‘दिव्यांगांना साहित्य वाटप’ असे मोघम लिहू नये, त्याचा अर्थ मार्चमध्ये पुन्हा यंत्रे असाच होतो. गावात यंत्र वापरणारे किती, कोणत्या क्रमांकाचे सेल किती, मुलांचे मोल्ड वर्षातून किती वेळा, असे लिहावे. यंत्रखरेदीच्या निविदेतही मोल्ड, दोन वर्षांची दुरुस्ती आणि तालुक्यात येऊन केलेल्या किमान चार पाठपुरावा भेटी या अटी घालाव्यात, आणि शेवटचा हप्ता त्या भेटी झाल्यावरच द्यावा. दुभाष्याचे मानधन मात्र त्याच आठवड्यात द्यावे. सहा महिने बिल फिरत राहिले की रात्रीचा फोन उचलायला कोणी राहत नाही.

आपले,
श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि सांकेतिक भाषा दुभाषी
(सातारा जिल्हा)